‘एरर’ म्हणजे नकार नव्हे!



दोन-तीन वर्षांपूर्वीची जुलैअखेर. एका सरकारी योजनेच्या अर्जाची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. संध्याकाळी खटाव तालुक्यातल्या एका गावचे आजोबा नातीला घेऊन माझ्याकडे आले. आजोबा रागात होते आणि नातीचे डोळे रडून सुजले होते.

“सायेब, ह्या पोरीनं अर्ज बुडवला बघा. दुपारपास्नं मोबाईल घेऊन बसली हुती. काय दाबलं कुणास ठावं, सरकारनं अर्जच नाकारला! आता मोबाईल काढूनच घेतलाय तिचा.”

पोर अकरावीत शिकणारी. तिने एक शहाणपणा केला होता. पडद्यावर जे उमटले त्याचा फोटो काढून ठेवला होता. मी तो पाहिला. त्यावर इंग्रजीत एवढेच होते : ‘503, सर्व्हिस अनअव्हेलेबल’. याचा अर्थ, ‘आत्ता या घटकेला सेवा देता येत नाही.’ अर्ज नाकारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अर्ज पलीकडे पोचलाच नव्हता. कचेरीच्या दारात गर्दी झाली म्हणून शिपायाने दार लोटून घ्यावे आणि आपण समजावे की साहेबांनी आपले काम नाकारले, तसलाच हा प्रकार.

“आबा,” मी म्हटले, “पोरीने काही बिघडवले नाही. पलीकडे गर्दी आहे. पहाटे पाचला तिला उठवा आणि मोबाईल परत द्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहालाच पावतीचा फोटो माझ्या मोबाईलवर आला.

त्या दिवसापासून हे लिहायचे मनात होते. गावोगाव फिरताना मी पाहतो, पडद्यावर इंग्रजीत ‘एरर’ उमटला की कर्त्या माणसाचाही धीर सुटतो. कुणी पोराबाळांवर ओरडतो, कुणी अर्जच सोडून देतो, तर कुणी भलत्याच माणसाच्या नादी लागून पैसे घालवतो. वास्तविक हे संदेश म्हणजे बिघाड कुठे आहे हे सांगणारा शेरा असतो. तो वाचता आला की निम्मे काम झाले.

आता चालकही आपणच

आपल्या भागाला संगणक काही नवा नाही. 1998 साली वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी, ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. गावच्या केंद्रावर संगणक बसले आणि ऊसवाल्याला आपल्या उसाची माहिती कारखान्यावर हेलपाटा न मारता गावातच मिळू लागली. पुढे काही वर्षांनी त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरून एसएमएस पाठवून तीच माहिती मागवण्याचा प्रयोगही झाला.

तेव्हा केंद्रावर संगणक चालवणारा माणूस असे. पडद्यावर काही अडले तर तो बघून घेई. आज सातबारा, पीक पाहणी, विमा, ठिबकचे अनुदान ही सारी कामे मोबाईलवर आली आहेत. 15 एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा झाला आहे. म्हणजे आता केंद्र आपल्या खिशात आहे आणि चालकही आपणच आहोत. तेव्हा चालकाला ठाऊक असायचे ते आपल्यालाही ठाऊक हवे.

मोटर पाणी उचलत नाही, तेव्हा आपण काय करतो?

मोटर सुरू केली आणि पाईपातून पाणी आले नाही, तर आपण लगेच ‘विहीर आटली’ म्हणून कपाळाला हात लावत नाही. आधी लाईट आहे का पाहतो. मग फ्यूज आणि स्टार्टर पाहतो. त्यानंतर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे का, पाईप कुठे हवा धरतो का, हे पाहतो. सगळे ठीक असेल तर शेवटी विहिरीत डोकावतो. सोपे आधी, अवघड नंतर.

मोबाईलचेही अगदी असेच आहे. आपला मोबाईल म्हणजे मोटर आणि स्टार्टर. मोबाईल कंपनीचा टॉवर आणि पुढच्या तारा म्हणजे पाईपलाईन. जिथे आपला सातबारा किंवा अर्ज ठेवलेला असतो तो लांबचा मोठा संगणक म्हणजे विहीर. त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. आणि ज्या खिडकीतून आपण हे सारे पाहतो, क्रोम म्हणा, फायरफॉक्स म्हणा, त्याला ‘ब्राउझर’ म्हणतात.

ब्राउझर मागणी पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो. त्या प्रत्येक उत्तरावर एक तीन आकडी शेरा असतो. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1989 साली स्वित्झर्लंडमधल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत असताना वेबची कल्पना मांडली. तिच्या नियमावलीत हे शेरे पुढे पक्के झाले आणि 1996 साली ते रीतसर छापले गेले. ते जगभर सारखेच आहेत. अमेरिकेत 404 चा जो अर्थ, तोच आपल्या जतमध्ये आणि पाटणमध्ये.

यातला पहिला आकडा तेवढा ध्यानात ठेवावा. 2 ने सुरू झाला तर काम झाले. असा शेरा आपल्याला दिसतही नाही, थेट पानच उघडते. 3 म्हणजे पान दुसरीकडे हलवले आहे. बहुधा ब्राउझर स्वतःच तिकडे नेतो. 4 म्हणजे आपल्या मागणीत काही खोट आहे. 5 म्हणजे पलीकडच्या सर्व्हरची अडचण आहे. आणि आकडाच नसेल तर सर्व्हरपर्यंत आपली मागणी बहुधा पोचलीच नाही. तेव्हा शोध घरापासून सुरू करावा.

आकडा नाही : आधी घर, मग वाट

क्रोममध्ये छोटा डायनासोर दिसतो, तो गावातल्या पोरांच्या चांगला ओळखीचा आहे. 2014 पासून तो आहे. पोरे त्याला उड्या मारायला लावतात. पण तो उगाच येत नाही. ‘मोबाईलला इंटरनेट मिळत नाही’ हे सांगायला तो येतो. अशा वेळी विमानाचे चिन्ह चुकून दाबले गेले आहे का, डेटा चालू आहे का, पॅक संपला आहे का, दोन सिमांपैकी भलत्याच सिमवर डेटा लावला आहे का, हे पाहावे. पाटण, जावळीकडच्या डोंगरवाड्यांवर रेंजचीच बोंब असते. तिथे विमानाचे चिन्ह एकदा चालू करून बंद करावे म्हणजे मोबाईल टॉवर नव्याने शोधतो. नाहीतर सरळ टेकाड चढावे!

‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ म्हणजे ‘या ठिकाणी पोचता येत नाही’. त्याखाली बारीक अक्षरात कारण असते. तिथे ‘डीएनएस’ आणि ‘एनएक्सडोमेन’ अशी अक्षरे दिसली, तर त्या नावाचा पत्ता सापडला नाही असे समजावे. इंटरनेटवर प्रत्येक संगणकाला लांबलचक क्रमांक असतो. माणसाला तो पाठ होत नाही म्हणून आपण नाव लिहितो. नावावरून क्रमांक काढून देणारी वही म्हणजे डीएनएस. ती पद्धत 1983 पासून आहे. नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले की वहीत नोंद सापडत नाही. तेव्हा पत्ता अक्षर अक्षर लावून पुन्हा वाचावा.

‘टाईम्ड आऊट’ असेल तर मागणी गेली, पण ठराविक वेळात उत्तर आले नाही. रेंज अशक्त असेल किंवा पलीकडे गर्दी असेल.

मग घर, वाट की विहीर, हे ओळखायचे कसे? त्याला दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली, दुसरे कुठलेही संकेतस्थळ उघडून पाहावे. काहीच उघडत नसेल तर दोष आपल्या मोबाईलात किंवा रेंजमध्ये आहे. बाकीची उघडतात आणि एकच उघडत नाही, तर पत्ता चुकला आहे किंवा पलीकडे अडचण आहे. दुसरी कसोटी, शेजाऱ्याच्या वेगळ्या कंपनीच्या सिमवर तेच पान उघडून पाहावे. त्याच्याकडे उघडले तर विहिरीला पाणी आहे, आपल्याच पाईपात कचरा आहे.

चारचा शेरा : आपली मागणी तपासा

404 म्हणजे ‘हे पान सापडत नाही’. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या जुन्या लिंका बहुधा इथेच नेऊन सोडतात. योजना चालू असते, पण पानाची जागा बदललेली असते. घर तेच, खोली बदलली. अशा वेळी त्याच संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर जावे आणि तिथून योजनेचे नाव शोधावे.

401 म्हणजे आधी आपली ओळख पटवा, लॉगिन करा. 403 म्हणजे या पानावर जायची तुम्हाला परवानगी नाही. 429 म्हणजे फार घाईघाईने पुन्हा पुन्हा बटण दाबले, जरा थांबा. 400 म्हणजे मागणी नीट कळली नाही. हा शेरा पुष्कळदा ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या नोंदींमुळे येतो. क्रोमच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत जाऊन सेटिंग्ज, प्रायव्हसी आणि तिथे ब्राउझिंग डेटा पुसण्याचा पर्याय निवडावा. पासवर्डसमोरची खूण मात्र काढून टाकावी, नाहीतर साठवलेले पासवर्डही पुसले जातात.

‘सेशन एक्स्पायर्ड’ हा शेरा अर्ज भरताना हमखास भेटतो. खिडकीशी उभे राहून आपण तासभर कागद शोधू लागलो तर कारकून पुढच्या माणसाला बोलावतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून अर्जाला बसण्यापूर्वी गट नंबर, खाते क्रमांक, बँकेचा आयएफएससी कोड एका कागदावर लिहून ठेवावा. आधारला जोडलेला मोबाईल शेजारी असावा. ओटीपी मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा पुण्याला, असे झाले की वेळ संपलीच!

सातबारा पाहताना ‘नोंद आढळत नाही’ असे आले, तरी जमीन नावावरून गेली असे समजून घाबरू नये.   महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव नीट निवडावे. एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात, तिथे गफलत होते. गट नंबर जुन्या उताऱ्यावरून ताडून पाहावा. तिथे पाहण्यापुरता मिळणारा उतारा विनाशुल्क असतो. डिजिटल सहीचा उतारा हवा असेल तर 15 रुपये भरून स्वतंत्र संकेतस्थळावरून काढावा लागतो.

पाचचा शेरा : काट्यावरची रांग

500 म्हणजे सर्व्हरच्या आत बिघाड. 502 आणि 504 म्हणजे पलीकडच्या दोन संगणकांचा आपसातला निरोप चुकला किंवा वेळेत पोचला नाही. 503 म्हणजे गर्दी किंवा दुरुस्ती. चारही शेऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे, चूक तुमची नाही.

गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागते. शंभर गाड्या एकदम आल्या म्हणून काटा मोडत नाही, पण रांग थांबते. हॉर्न वाजवून रांग पुढे सरकत नाही. तसेच 503 आल्यावर दर पाच सेकंदांनी पान ताजे करत बसू नये. आपणच गर्दीत भर घालतो. पंधरा-वीस मिनिटे थांबावे. त्यापेक्षा पहाटे किंवा रात्री जेवणानंतर उशिरा बसावे.

2023 च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि 1 कोटी 70 लाखांच्या आसपास अर्ज आले. 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. एवढे लोक शेवटच्या आठवड्यात एकाच दारावर आले तर काय होईल, हे सांगायला नको. (ती एक रुपयाची सवलत पुढे 2025 च्या खरिपापासून बंद झाली.) पण मुदतवाढ दर वेळी मिळतेच असे नाही. वाफशाची वाट पाहावी, मुदतवाढीची पाहू नये. अर्ज सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच भरून मोकळे व्हावे.

अखेरच्या दिवशी अडचण आलीच तर पडद्याचा फोटो घ्यावा. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. तो फोटो आणि लेखी तक्रार आपल्या कृषी कार्यालयात द्यावी. त्याने अर्ज मंजूर होईलच असे नव्हे, पण ‘मी प्रयत्न केला होता’ हे दाखवायला हाती पुरावा राहतो. त्या नातीने नेमके हेच केले होते.

ट्रिप झालेला स्टार्टर

आतापर्यंतचे सारे शेरे खोळंबा करणारे. आता धोक्याचा शेरा पाहू. लाल त्रिकोण किंवा लाल पान, आणि त्यावर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. म्हणजे, ‘तुमचे बोलणे मधे कुणी ऐकू शकेल, किंवा समोरचा तोच आहे याची खात्री पटत नाही.’

मोटरवर ताण आला की स्टार्टर ट्रिप होतो. मोटर जळू नये म्हणून तो पडतो. काही बहाद्दर बटण दाबून तारेने बांधून ठेवतात. पाणी दोन तास येते आणि तिसऱ्या तासाला वाइंडिंग जळते. या लाल पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे ‘प्रोसीड’ करणे म्हणजे बटण तारेने बांधणे होय. जिथे आधार, बँक खाते किंवा ओटीपी द्यायचा आहे तिथे हे कदापि करू नये.

मग करावे काय? आधी मोबाईलचे घड्याळ आणि तारीख पाहावी. बॅटरी पूर्ण उतरल्यावर जुन्या मोबाईलात तारीख मागे जाते. प्रत्येक संकेतस्थळाकडे मुदतीचे ओळखपत्र असते. मोबाईलच्या मते साल चुकीचे असेल तर खरे ओळखपत्रही त्याला बाद वाटते. तारीख आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की काम होते. एसटी स्थानकावरचे किंवा हॉटेलातले फुकटचे वायफाय असेल तर ते सोडून आपल्या डेटावर यावे. फार जुना मोबाईल असेल तर ब्राउझर अद्ययावत करावा. एवढे करूनही लाल पान आले, तर त्या दिवशी ते काम राहू द्यावे.

आणखी एक समज दूर करतो. पत्त्याशेजारी पूर्वी कुलपाचे चित्र दिसे. 2023 पासून क्रोममध्ये त्याच्या जागी दोन आडव्या रेघांचे चिन्ह आले आहे. कुलूप असले म्हणजे समोरचा माणूस प्रामाणिक, असे नव्हे. मधे कुणी ऐकत नाही एवढेच ते सांगते. चोरही आपल्या दाराला कुलूप लावू शकतो! म्हणून पत्ता शेवटाकडून वाचावा. केंद्र आणि राज्य सरकारच्या संकेतस्थळांचा शेवट सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. त्या अक्षरांनंतर तिरपी रेघ येईल किंवा पत्ता संपेल. ‘जीओव्ही’ मधेच कुठेतरी आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा भलतेच काही असेल, तर तो बहुरूपी समजावा.

खरा एरर फोन नंबर देत नाही

तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार माझ्या परिचयाचा. अर्ज भरताना एरर आला म्हणून त्याने इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला आणि मिळाला त्यावर फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला. “दादा, मी इथून दुरुस्त करतो, एक ॲप घ्या,” म्हणाला. ॲप घेताच याचा पडदा त्याला दिसू लागला. ओटीपी आला तोही दिसला. बागेच्या औषधासाठी ठेवलेले 18,000 रुपये पाच मिनिटांत गेले. शरमेने त्याने घरात चार दिवस सांगितले नाही, आणि पैसे परत मिळण्याची वेळ तिथेच निघून गेली.

म्हणून पक्के ध्यानात ठेवावे, ब्राउझरचा खरा एरर कधीही फोन नंबर देत नाही आणि पैसे मागत नाही. ‘तुमच्या मोबाईलात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे पान उघडले तर ते सरळ बंद करावे. योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाईल आली तर ती उघडू नये. फसवणूक झालीच, तर लाजू नये. ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा जास्त.

पैसे कापले, पावती नाही

पैसे भरल्यावर चक्र फिरत राहिले आणि 504 आला, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेचा संदेश पाहावा. मग पुन्हा लॉगिन करून पूर्वीच्या व्यवहारांची यादी पाहावी. पुष्कळदा पावती तिथे तयार असते. यूपीआयने दिलेले पैसे कापले गेले पण पलीकडे जमा झाल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. व्यवहार क्रमांक मात्र जपून ठेवावा.

भिंतीवर लावण्यासाठी

1. शेरा वाचा, त्याचा फोटो घ्या.
2. आकडा नाही : डेटा, पॅक, रेंज, पत्ता तपासा.
3. चार : मागणी तपासा, पहिल्या पानावरून पुन्हा जा.
4. पाच : थांबा, पहाटे बसा.
5. लाल पान : तारीख बघा, पण पुढे जाऊ नका.
6. फोन नंबर देणारा एरर : खोटा.
7. पैसे अडकले : दुसऱ्यांदा भरू नका.

गेल्या खरिपात त्या गावाला गेलो होतो. आजोबांच्या ओसरीवर आळीतल्या पाच-सहा बाया कागद घेऊन बसल्या होत्या आणि नात एकेकीचा अर्ज भरत होती. आजोबा मला पाहून हसले. “पोरगी शेरा वाचती आता. आमी नुसतं वरडत हुतो.”

बंधूंनो, घरातल्या शिकल्या लेकीबाळींच्या हातात मोबाईल द्या, आणि पडद्यावर काही उमटले तर ओरडण्याआधी ते दोन शब्द काय आहेत एवढे तिला विचारा. बहुतेक वेळा अर्ज बुडालेला नसतो, फक्त रांग लागलेली असते.